बर्फ उठला तेव्हा

1994 च्या मे महिन्यात ताईचं लग्न झालं. चंद्रपुरात मे महिन्यात लग्न काढायचं म्हणजे पाण्याचा बंदोबस्त आधी, मंडपाचा नंतर. बाबांनी बर्फाच्या कारखान्यातून चार लाद्या आणल्या होत्या, लाकडाच्या भुश्यात लोळवून ओल्या पोत्यांत गुंडाळलेल्या. तीन लाद्या उचलून नेल्या. चौथीच्या वेळी सगळ्यांचे हात बधिर झाले होते, म्हणून मामानं आणि काकानं ती ओढतच पडवीतून मागच्या अंगणात नेली. पडवीची काळी फरशी त्या लग्नासाठीच नवीन बसवलेली. वऱ्हाड गेल्यावर माय फरशी पुसायला बसली आणि तिला दिसलं, पुढच्या दारापासून मागच्या उंबऱ्यापर्यंत पांढऱ्या रेघा उठल्या आहेत. सगळ्या एका दिशेला. काही केसाएवढ्या बारीक, एकदोन नखाला लागतील अशा खोल. माय दिवसभर धुसफुसत होती. बाबा म्हणत होते, "बर्फानं कायच्या रेघा पडतेत? ते त पाणीच ना शेवटी." मी तेव्हा दहा वर्षांची. लादीच्या बुडाशी अंगणातली रेती चिकटून गोठली होती, हे मी पाहिलं होतं. पण मोठ्यांच्या बोलण्यात मधे तोंड घालायचं नसतं म्हणून गप्प राहिले.

ती फरशी आम्ही अजून बदललेली नाही.

तशाच रेघा मी दुसऱ्यांदा पाहिल्या त्या पंधरा वर्षांनी, 2009 च्या एप्रिलमध्ये, पैनगंगेच्या पात्रात, इरई गावाजवळ. (आमच्या शहराला पाणी पाजते ती इरई नदी वेगळी, हे गाव वेगळं. बाहेरच्या माणसाचा इथं हमखास घोटाळा होतो.) मी शाळेत भूगोल शिकवते. बी. ए.ला असताना एका जुन्या पाठ्यपुस्तकात एकच ओळ वाचली होती: चांदा जिल्ह्यात इरई येथे हिमनदीने घासलेला खडक आहे. 'चांदा', म्हणजे आमचं चंद्रपूर, आणि 'हिमनदी' हे दोन शब्द एका वाक्यात पाहून मी ते पान दोनदा वाचलं होतं. तरी तिथवर जायला मला इतकी वर्षं लागली. घरापासून स्कूटरवर जाऊन येण्याच्या अंतरावर जे असतं ते बघायचं राहूनच जातं.

बाबा तेव्हा नुकतेच निवृत्त झाले होते. मी म्हटलं, चला. डोक्याला दुपट्टे बांधून आम्ही पहाटेच निघालो, ऊन चढायच्या आत. पात्र उतरलेलं होतं. काठाला चुनखडीचा करडा खडक उघडा पडला होता. आमच्याकडे कोरपना-राजुऱ्याच्या पट्ट्यात याच जातीच्या चुनखडीवर सिमेंटचे कारखाने चालतात. हा खडक शंभर कोटी वर्षांच्या आसपासचा आहे. नदीनं घासलेला दगड कसा असतो हे नदीकाठच्या माणसाला सांगावं लागत नाही. तो गोल होतो, त्याला खळगे पडतात, रांजणखळगे पडतात. हा तसा नव्हता. हा सपाट होता, रंधा मारल्यासारखा. आणि त्या सपाटीवर रेघा होत्या, सरळ, समांतर, एकमेकींची वाट न कापणाऱ्या.

बाबा उकिडवे बसले. बोट फिरवलं. म्हणाले, "हे त आपल्या पडवीवानी आहे."

मला त्या क्षणी भूगोलाची जेवढी पुस्तकं वाचली होती ती सगळी एकदम समजल्यासारखी झाली. बर्फ मऊ असतो, त्यानं दगडावर रेघ उठत नाही, हे बाबांचं म्हणणं बरोबरच होतं. पण हिमनदी सरकताना बुडाशी दगड-गोटे गोठवून धरते आणि वरच्या भारानं ते खालच्या खडकावर घासत नेते. बर्फ हा नुसता हात, नखं दगडांची. आमच्या लादीवर मामा-काकांचं बळ होतं. इथं एक किलोमीटर जाडीचा बर्फ धरला, तरी एका चौरस मीटरवर नऊशे टनांहून जास्त भार होतो. बाबांना मी खाणीच्या भाषेत सांगितलं: शंभर टनी डंपरच्या नऊ खेपा, एका पलंगापेक्षाही कमी जागेवर. ते काही बोलले नाहीत. नुसते रेघेवरून बोट नेत राहिले, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आणि परत.

जवळच एक म्हातारा ढीवर जाळं वाळत घालत होता. त्यानं विचारलं, "कायले पाहून राहिले जी?" आम्ही रेघा दाखवल्या. तो म्हणाला, "डोंगे ओढून पडल्या असन." अंदाज वाईट नव्हता. काहीतरी जड, काहीतरी ओढत नेलेलं, हे त्यालाही दिसलं होतं.

या रेघांना विज्ञानात मोठा मान आहे आणि तो आमच्या जिल्ह्यात फारच थोड्यांना ठाऊक आहे, याचं मला मनापासून वाईट वाटतं. 1856 साली ओडिशातल्या तालचेर भागात विल्यम आणि हेन्री ब्लॅनफर्ड हे भाऊ आणि विल्यम थिओबाल्ड कोळशाची पाहणी करत होते. तिथं कोळशाच्या खाली त्यांना एक विचित्र थर मिळाला. बारीक चिखलात मोठमोठे दगड रुतलेले, लहानमोठे सगळे एकात एक. वाहत्या पाण्यानं आणलेले असते तर मोठे एकीकडे, बारीक एकीकडे असे निवडले गेले असते. नदी सुपासारखी पाखडते. बर्फ पाखडत नाही; जे उचललं ते सगळं तसंच टाकून देतो. म्हणून त्या तिघांनी लिहिलं की हे बर्फाचं काम असावं. युरोपात कधीकाळी सगळीकडे बर्फ पसरला होता, ही कल्पनाच तेव्हा नवी होती, लुई आगासी यांनी 1840 च्या आसपास मांडलेली. अशा वेळी उष्ण कटिबंधात, हिमालयापासून इतक्या दूर, समुद्रसपाटीच्या जवळ बर्फ म्हणायचा म्हणजे धाडसच.

मग पुढची पाहणी आमच्याकडे आली. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या फ्रान्सिस फेडन यांना इरईला दगड-गोट्यांच्या थराखालची घासलेली जमीन मिळाली. 1875 साली त्यांनी त्यावर टिपण लिहिलं. दगड वाहून येऊ शकतात, पण खालची जमीन तर कुठून वाहून आलेली नसते. बर्फ इथं होता, इथूनच सरकत गेला, याचा तो जाबजबाबच होता.

पण इथं म्हणजे कुठं? हा प्रश्न सुटायला आणखी किती तरी वर्षं गेली. आल्फ्रेड वेगेनर यांनी 1912 मध्ये खंड सरकतात असं सांगितलं, तेव्हा भारत, दक्षिण आफ्रिका, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया इथल्या या जुन्या हिमखुणा त्यांच्या पुराव्यांत पुढच्या रांगेत होत्या. हे सगळे तुकडे दक्षिण ध्रुवाभोवती एकत्र ठेवले की बर्फाचं एकच पांघरूण होतं. त्या पांघरुणाखाली, सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वी, आजचं चंद्रपूरही होतं. वेगेनर यांचं म्हणणं मान्य झालं ते त्यांच्या मृत्यूनंतर. 1930 च्या नोव्हेंबरमध्ये ते ग्रीनलंडच्या बर्फावर वारले आणि त्यांचा देह तिथंच ठेवला आहे.

आणि त्या एकत्र खंडाचं नाव गोंडवन. गोंडांच्या मुलखावरून दिलेलं. भूवैज्ञानिकांनी आधी इथल्या कोळशाच्या थरांना ते नाव दिलं आणि मग ऑस्ट्रियाच्या एडवर्ड स्यूस यांनी ते अख्ख्या खंडाला लावलं. आमच्या शहराचा परकोट गोंड राजांनी बांधला. त्या परकोटाच्या आतल्या शाळेत मी मुलांना शिकवते की अंटार्क्टिका ज्या खंडाचा तुकडा आहे त्याचं नाव तुमच्या आजीच्या नावानं आहे. वर्गातल्या गोंड मुली सरळ बसतात. पुस्तकात हे एका ओळीत येतं. मी त्यावर एक अख्खा तास घेते.

पण माझं मन रेघांपाशी थांबत नाही. रेघा बर्फाच्या आहेत. मला ओढ लागली ती बर्फ उठल्यानंतरच्या दिवसांची. आपण म्हणतो बाजार उठला, पंगत उठली. तसा एके काळी इथला बर्फ उठला. जमिनीवर काय राहिलं असेल? पहिल्यांदा काय आलं असेल? खडक तर सांगतात: दगड-गोट्यांच्या वर हिरवट मातकट शेलचे, म्हणजे गाळ दाबून झालेल्या खडकाचे, पातळ थर, शांत थंड पाण्यात बसलेले. म्हणजे तळी होती. वितळलेल्या बर्फाचं पाणी, वाऱ्यानं आणलेली धूळ, अधूनमधून तरंगत्या बर्फातून सुटून तळाशी पडलेला एखादा धोंडा. आवाज कसला असेल? पक्षी नव्हते, पृथ्वीवर कुठंच नव्हते. फूल नव्हतं, गवत नव्हतं.

याचं उत्तर मला दादाकडून मिळालं. दादा हवामान खात्यात आहे. नागपूरच्या कार्यालयात असताना त्यानं अर्ज केला आणि चौदा महिने 'मैत्री'वर राहून आला. मैत्री हे आपलं अंटार्क्टिकावरचं स्थानक, 1989 पासूनचं. त्याआधीचं दक्षिण गंगोत्री हे 1983-84 मध्ये तरंगत्या हिमतटावर बांधलं होतं. ते हळूहळू बर्फात गाडलं गेलं आणि 1990 मध्ये सोडून द्यावं लागलं. मैत्री मात्र खडकावर आहे. त्या जागेचं नाव शिर्माकर ओॲसिस. वाळवंटातल्या हिरवळीला जो शब्द, तोच तिथल्या उघड्या जमिनीला. 1939 मध्ये एका जर्मन मोहिमेच्या विमानातून ती पहिल्यांदा दिसली आणि वैमानिकाचं नाव तिला मिळालं. पूर्व-पश्चिम सतराअठरा किलोमीटर लांब, रुंदी जास्तीत जास्त तीनेक किलोमीटर. एकूण पस्तीसेक चौरस किलोमीटर. तेवढ्यात शंभराहून अधिक तळी. दक्षिणेला खंडाचा बर्फ भिंतीसारखा उभा, उत्तरेला समुद्रावर तरंगणारा हिमतट, आणि मधे हा काळपट-तपकिरी खडक. अख्ख्या अंटार्क्टिकाची एक टक्क्याहूनही कमी जमीन अशी उघडी आहे.

ती उघडी का राहते हे दादानं मला फोनवर समजावलं होतं, आणि मला ते फार आवडलं. एकदा खडक डोकं वर काढतो, की तो काळा असल्यानं ऊन पितो. पांढरा बर्फ ऊन परतवून लावतो, काळा दगड ते ठेवून घेतो. दगड तापला की शेजारचा बर्फ हटतो, मग आणखी दगड उघडा पडतो. वरच्या पठारावरून खाली झेपावणारा कोरडा वारा नवा पडलेला हिम झाडून नेतो. उघडी जमीन स्वतःला उघडी ठेवते. "आपल्या ओबीच्या ढिगावानीच दिसते," दादा म्हणाला होता, "काळं, उजाड, धोंडेच धोंडे. पहिल्या दिवशी मले वाटलं का घुग्घुसलेच उतरलो." घुग्घुस हे आमच्या शेजारचं कोळशाचं गाव. खाणीतला कोळसा काढण्याआधी वरची जी माती-दगड उपसून ढीग लावतात त्याला आमच्याकडे ओबी म्हणतात. आम्ही त्या ढिगांच्या सावलीत वाढलो.

हिवाळ्यात तिथं दोन महिने सूर्य वर येत नाही. तळी गोठून कडक होतात. पंचवीसेक माणसं एका इमारतीत, आणि वारा. त्या दिवसांत दादा फोनवर कमी बोलायचा. मायला म्हणायचा, जेवण चांगलं आहे. मला कळायचं की दुसरं काही सांगण्यासारखं घडत नाही.

मग डिसेंबर आला आणि त्याचा आवाज बदलला. मैत्रीच्या पुढ्यात जे तळं आहे त्याला प्रियदर्शिनी म्हणतात. स्थानकाचं पिण्याचं पाणी त्यातूनच येतं. काठाचा बर्फ आधी सुटला. काठाला काळ्या खडकाची ऊब असते म्हणून काठ आधी, मधलं नंतर. एक दिवस तो बाहेर मोजणीला गेला असताना त्याला झुळझुळ ऐकू आली. चौदा महिन्यांतला सगळ्यात मोठा दिवस तोच, असं तो आजही म्हणतो. दक्षिणेच्या बर्फाच्या कडेवरून बारीक ओहोळ सुटले होते, एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात. नऊ-दहा महिने वाऱ्याशिवाय कसलाच आवाज नव्हता, आणि आता पाणी वाहत होतं. तो तिथंच दगडावर बसून राहिला. फोन खिशात होता, त्यावर त्यानं ते रेकॉर्ड करून घेतलं. एक मिनिट चाळीस सेकंद.

त्या पाण्याकाठी काय उगवलं आहे, हे मी त्याला पुन्हा पुन्हा विचारत असे. झाड नाही, झुडूप नाही, गवताची काडी नाही. ओल्या फटींत शेवाळाच्या गाद्या, दगडांवर दगडफुलाचे ठिपके, तळ्यांच्या तळाशी नीलहरित जिवाणूंचे साय धरल्यासारखे थर, आणि त्या शेवाळात सूक्ष्मदर्शकाखालीच दिसणारी आठ पायांची जलअस्वलं. उन्हाळ्यात स्कुआ पक्षी येतात. बस. ओळखीचं दगडफूल आपण मसाल्यात घालतो, त्याचेच भाऊबंद तिथं कणाकणानं दगड फोडून माती करायला बसले आहेत. घाई नाही.

मला वाटतं, तीस कोटी वर्षांपूर्वीच्या त्या दिवसांत इरईला उभं राहिलं असतं तर थोडंफार असंच दिसलं असतं. स्कुआ वगळून.

अंटार्क्टिकाची आपल्याकडची गोष्ट बहुतेकदा झेंड्याची म्हणून सांगतात: डॉ. एस. झेड. कासिम यांच्या नेतृत्वाखाली एकवीस जण 6 डिसेंबर 1981 रोजी गोव्याहून निघाले आणि 9 जानेवारी 1982 ला तिथं उतरले. ती गोष्ट मलाही आवडते. 1983-84 च्या मोहिमेत सुदीप्ता सेनगुप्ता आणि अदिती पंत या दोघी तिथं गेल्या, भारतीय मोहिमेतून तिथं जाणाऱ्या पहिल्या स्त्रिया. अदिती पंत नागपूरच्या, हे मी मुलींना आवर्जून सांगते. पण माझ्यासाठी ती जागा परक्या मुलखात मिळवलेली जागा नाही. ती आमच्याच जमिनीची जुनी सवय आहे, जी तिनं तिकडे चालू ठेवली आणि इथं सोडली.

इथं ती कशी सुटली? बर्फ उठला, तळी झाली, माती झाली, आणि मग झाडं आली. ग्लॉसॉप्टेरिस. जिभेच्या आकाराचं पान, मधोमध शीर, तिच्यापासून फुटणाऱ्या जाळीदार बारीक शिरा. थंड, दलदलीच्या मुलखातली झाडं. त्यांच्या खोडांत ऋतूंची वलयं दिसतात आणि पानांच्या चटया एकावर एक मिळतात, म्हणजे हिवाळ्यात पानगळ होत असावी. ती जंगलं पडत गेली, दलदलीत बुडत गेली, वर वाळू आली, पुन्हा जंगल, पुन्हा वाळू. सुमारे अठ्ठावीस कोटी वर्षांपूर्वीची ती पानगळ म्हणजे आमच्या वर्धा खोऱ्याचा कोळसा.

बाबांनी तो चौतीस वर्षं काढला. आधी भूमिगत खाणीत, मग ओपनकास्टला. भूमिगत खाणीत त्यांचं काम छत पाहण्याचं होतं. हातात काठी घेऊन छताला ठोके द्यायचे आणि कान देऊन ऐकायचं. खणखणीत वाजलं तर छत पक्कं. पोकळ वाजलं तर माणसं मागे घ्यायची. बाबांच्या कानावर विश्वास ठेवून लोक खाली उतरत. घरीही ते मडकं घेताना, टरबूज घेताना, भिंत बघताना आधी ठोकून ऐकतात. त्यांच्या कानामुळे ज्या पाळीत काही झालं नाही त्या पाळीची कुठंच नोंद नाही, आणि मला ती नोंद इथं करायची आहे.

त्या छताच्या शेलमधून सुटलेली एक चीप बाबांनी कधीतरी खिशात घालून आणली होती. तिच्यावर पान उमटलं होतं, वीतभर लांब, शीर न् शीर स्पष्ट. माय उन्हाळ्यात गच्चीवर कुरड्या वाळवताना कापड उडू नये म्हणून ते चार कोपऱ्यांपैकी एका कोपऱ्यावर ठेवायची. वर्षानुवर्षं ग्लॉसॉप्टेरिसनं आमच्या कुरड्या राखल्या. मी कॉलेजात गेल्यावर ते पान ओळखलं आणि ओरडतच गच्चीवर गेले. मायनं शांतपणे विचारलं, "मंग आता याच्या जागी कोणता धोंडा ठेवू?"

त्याच झाडाची पानं 1912 च्या फेब्रुवारीत, बियर्डमोर हिमनदीच्या काठच्या उघड्या खडकांत, कॅप्टन स्कॉट यांच्या तुकडीला सापडली. दक्षिण ध्रुवावरून परत येत होते ते. उपाशी, थकलेले, हातपाय हिमदंशानं काळे पडलेले. तरी सोळा किलो खडक त्यांनी आपल्या बर्फावरच्या घसरगाडीवर ठेवले आणि शेवटपर्यंत ओढत नेले. नोव्हेंबरमध्ये शोधपथकाला त्यांचा तंबू सापडला, तेव्हा ते दगड तिथंच होते. पुढे लंडनला नेऊन पाहिलं तर त्यांत ग्लॉसॉप्टेरिस निघालं. म्हणजे तिथंही एके काळी बर्फ नव्हता, जंगल होतं. आणि ते जंगल आणि आमचं जंगल एकच. मी हे बाबांना सांगितलं तेव्हा त्यांनी फक्त एक विचारलं: सोळा किलो किती माणसांत ओढत होते? शेवटी तिघांत, मी म्हटलं. त्यांनी मान हलवली. ओझं ओढणाऱ्याला ओझ्याचं गणित आधी सुचतं.

आता जे लिहायचं आहे ते मला जड जातं. शहराच्या उत्तरेला औष्णिक वीज केंद्र आहे, 2920 मेगावॅटचं. त्याला पाणी इरईच्या धरणातून मिळतं, कोळसा आमच्या खाणींतून. बर्फ उठल्यावर जे पहिलं जंगल या जमिनीवर आलं ते आम्ही तिथं जाळतो. त्याच्यावर माझं शिक्षण झालं, ताईचं लग्न झालं, त्या लग्नात बर्फाच्या लाद्या आल्या, त्या लाद्या गोठवणारी वीजही तिथलीच असणार. मी कोळशाला शिव्या देऊ शकत नाही. माझ्या बापाचे फुप्फुस आणि कान त्यात गेले आहेत. पण मे महिन्यात पारा 46 च्या पुढे जातो, दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नाही, बांधकामावरच्या बाया सावलीला म्हणून मिक्सरच्या खाली बसतात, तेव्हा वर्गात मुलांना कार्बन डायऑक्साइड शिकवताना माझा आवाज बदलतो. कोणी विद्यार्थी विचारतोच, "मॅडम, म्हणजे आपल्या बाबांनी केलं का हे?" मी नाही म्हणते. पुढे काय म्हणायचं ते मला दर वर्षी नव्यानं शोधावं लागतं.

2017 साली 'नेचर'मध्ये एक अभ्यास आला होता. तापमान असंच चढत गेलं तर शतकाच्या अखेरीस अंटार्क्टिकातली उघडी जमीन सतरा हजार चौरस किलोमीटरहून जास्त वाढेल, म्हणजे आजच्या जवळजवळ पाव पट, असा त्याचा हिशेब. एरवी 'बर्फमुक्त' हा शब्द मला आवडतो. 'बर्फमुक्त बंदर' म्हटलं की जहाजं येतात-जातात, माणसं पोट भरतात. प्रियदर्शिनी बर्फमुक्त झाली की दादाला पाणी ऐकू येतं. पण जो बर्फ आपल्या वेळेनं उठतो आणि जो उठवला जातो, त्यांत फरक आहे. स्वीडन-फिनलंडमधल्या बोथनियाच्या आखाताच्या काठी हिमयुगाचा बर्फ उठून हजारो वर्षं झाली, तरी तिथली जमीन अजून दर वर्षी नऊएक मिलिमीटरनं वर येते. बर्फानं दाबलेली पाठ ती अजून सरळ करते आहे. जमिनीला इतका वेळ लागतो.

इरईला मी त्यानंतर चारपाच वेळा गेले. मुलांना घेऊन एकदा. पात्रात पाणी असलं तर काही दिसत नाही, नुसतं हात घालून चाचपावं लागतं. एका मुलीनं पाण्याखाली हात फिरवून सांगितलं, "मॅडम, कंगव्यावानी लागते."

गेल्या मे महिन्यात दादा घरी आला होता. दुपारी लाईन गेली. कूलर बंद पडला आणि घर एकदम शांत झालं. आम्ही सगळे पडवीत, त्या रेघांच्या फरशीवर, ओले पंचे अंगावर घेऊन पडलो होतो. दादानं सहज म्हणून ते रेकॉर्डिंग लावलं. बाबांनी ते पूर्वी ऐकलं होतं, पण घाईत, लोकांच्या गलक्यात. आता त्यांनी फोन हातात घेतला, कानाला लावला आणि डोळे मिटले, खाणीत छत ऐकत असतील तसे. एक मिनिट चाळीस सेकंद. मग म्हणाले, "परत लाव." दादानं परत लावलं. तिसऱ्यांदा लावलं तेव्हा मायही सरकून जवळ आली.

बाबांनी विचारलं, "हे बर्फ निघाल्यावरचं पाणी आहे?"

"हो."

"अन् बाजूनं नुसते धोंडे?"

"धोंडे. अन् थोडं शेवाळ."

बाबा थोडा वेळ गप्प राहिले. फोन कानालाच होता.

"मंग तिथं झाडं कधी येतीन?"

दादानं माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलणार, तेवढ्यात लाईन आली. कूलरचा पंखा घरघरला, पंपातून ताट्यांवर पाणी पडायला लागलं, आणि त्या आवाजात फोनमधलं पाणी ऐकू येईना. बाबांनी आवाज वाढवायचं बटण शोधायला चष्मा मागितला.